पाहायचं, पण दिसायचं नाही: वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये लाइट टँक कसा खेळावा

वर्ल्ड ऑफ टँक्स या रणगाड्यांच्या ऑनलाइन गेममध्ये 15 विरुद्ध 15 अशी लढाई सुरू होते आणि पहिल्या दीड-दोन मिनिटांत स्फोट झालेल्या गाड्या पाहिल्या तर त्यात एखादा लाइट टँक हमखास असतो. वेग भरपूर, चिलखत नावापुरतं, आणि चालवणाऱ्याची समजूत अशी की स्काउट (टेहळ्या) म्हणजे सगळ्यात पुढे धावत सुटायचं. शत्रू दिसतो खरा, पण त्यालाही आपण दिसतो. मग गॅरेजमध्ये परत. इकडे आपल्या टीमला उरलेली 13 मिनिटं आंधळी कोशिंबीर खेळावी लागते.

लाइटची किंमत त्याच्या नजरेत असते आणि लढाई 15 मिनिटांच्या घड्याळावर जसजशी उताराला लागते तसतशी ही नजर महाग होत जाते. शेवटी दोन्हीकडे चार-पाच गाड्या उरल्यावर ज्या टीमचा लाइट जिवंत असतो तिचं पारडं जड असतं. म्हणून खाली जे काही सांगतोय त्यात दोनच गोष्टींची खटपट आहे: कमी दिसणं आणि जास्त टिकणं. डॅमेज मागाहून येतं.

आधी थोडं गणित

हे गणित टाळून लाइट खेळता येत नाही. शत्रू आपल्याला किती अंतरावरून पाहू शकतो, याचं सूत्र असं: पाहणाऱ्याच्या व्ह्यू रेंजमधून (नजरेच्या पल्ल्यातून) 50 वजा करा, उरलेल्या आकड्याला लपणाऱ्याच्या कॅमोच्या (लपण्याच्या क्षमतेच्या) टक्केवारीने गुणा, आणि ते उत्तर मूळ व्ह्यू रेंजमधून वजा करा. त्याखेरीज तीन अंतरं पाठ असू द्या. 50 मीटरच्या आत कुणीही कुणाला दिसतोच, मध्ये भिंत असो की टेकडी. 445 मीटरच्या पलीकडचं कुणालाच स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही. आणि सुमारे 565 मीटरच्या पलीकडची गाडी दुसऱ्याने पाहिली तरी तुमच्या स्क्रीनवर चितारली जात नाही, ती फक्त मिनीमॅपवर ठिपका म्हणून दिसते.

उदाहरण घेऊ. समोरच्या हेवीची (जड रणगाड्याची) व्ह्यू रेंज 400 मीटर, तुमच्या लाइटचा कॅमो 40 टक्के. 350 चे 40 टक्के म्हणजे 140, म्हणून तो तुम्हाला 260 मीटरवर पाहणार. आता दाट झुडपामागे बसा. चांगल्या दाट झुडपाचे 50 टक्के वाढतात, कॅमो झाला 90, आणि अंतर येतं 85 मीटर! तोच हेवी तुम्हाला कधी दिसणार? तुमची व्ह्यू रेंज 445 आणि त्याचा कॅमो 5 टक्के धरला तर 425 मीटरवर. 425 आणि 85 या दोन आकड्यांमधली जी मोकळी जागा आहे, तिच्यातच स्काउटचा सगळा धंदा चालतो.

झुडपं एकामागे एक असली तर त्यांचे टक्के एकत्र धरले जातात, पण 80 च्या वर नाही. पडलेलं झाड उभ्या झाडझुडपाच्या निम्मंच लपवतं. शिवाय झाड पाडलं की ते पडताना शत्रूला दिसतं. रिकाम्या रानात अचानक एक झाड आडवं झालं तर तिथे कोण आलंय हे कळायला लागतं किती? जाणते खेळाडू तिथे एक गोळा टाकून बघतातच.

लाइट टँकचा एक खास हक्क इथेच सांगून ठेवतो. बाकी बहुतेक गाड्यांचा कॅमो चालताना घसरतो. लाइटचा घसरत नाही. उभा असो की पळत असो, तेवढाच.

कोणती गाडी घ्यावी

शिकायला पाचव्या टियरचा (पायरीचा) अमेरिकन एम24 चॅफी उत्तम. तो कशातच अव्वल नाही, पण कशातच रडका नाही. नोव्हेंबर 1971 मध्ये गरीबपूरला पाकिस्तानच्या याच चॅफींशी आपल्या 45 कॅव्हलरीचे पीटी-76 धुक्यात भिडले होते. दोन्हीकडे हलकेच रणगाडे. आपले ठाण मांडून वाट पाहत बसलेले आणि चॅफी मोकळ्यावरून चालून येणारे. निकाल आपल्या बाजूने लागला. चॅफीपासून ती शाखा वर टी37, वॉकर बुलडॉग अशी शेरिडनपर्यंत जाते.

फ्रेंच शाखेत एएमएक्स 13 मालिका आहे: बुटकी आणि ऑटोलोडरवाली, म्हणजे मॅगझिनमधले गोळे एकापाठोपाठ झाडणारी. भारतीय सैन्याकडेही एएमएक्स-13 होते. 1 सप्टेंबर 1965 ला छांबमध्ये 20 लान्सर्सने पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर तेच उभे केले होते. (हलके रणगाडे प्रत्यक्षात केवढे असतात हे डोळ्यांनी बघायचं असेल तर अहिल्यानगरचं, म्हणजे आपल्या जुन्या नगरचं, रणगाडा संग्रहालय गाठा. शेजारी हेवी उभा असला की सगळं समजतं.) या गाड्यांचं मॅगझिन काही सेकंदांत रिकामं होतं, मग बराच वेळ नुसतं पळत राहावं लागतं. नवख्याला ते झेपत नाही, कारण रिकाम्या तोफेने काय करायचं हे त्याला ठाऊक नसतं.

चाकांच्या ईबीआर गाड्या 2019 मध्ये आल्या आणि तेव्हापासून लोक त्यांना शिव्या देताहेत. वेग ताशी 90 किलोमीटरच्या घरात, पण नजर कमजोर. म्हणजे त्यांना पाहायला जवळ जावं लागतं. पहिली लाइट म्हणून ईबीआर अजिबात घेऊ नका. तिच्यामुळे वाईट सवयी लागतात.

गॅरेजमधली तयारी

सहाव्या टियरपासून वरच्या गाड्यांना दोन वेगवेगळे साज (उपकरणांचे संच) तयार ठेवता येतात आणि लढाईआधीच्या काउंटडाउनमध्ये ते बदलता येतात. कितीतरी लोक ही सोय वापरतच नाहीत. एक साज मोकळ्या मॅपसाठी करा: दुर्बीण, कॅमो जाळी आणि कमांडरची व्हिजन सिस्टीम. दुर्बीण उभं राहिल्यावर 3 सेकंदांनी चालू होते आणि व्ह्यू रेंज 25 टक्क्यांनी वाढवते. व्हिजन सिस्टीम शत्रूच्या झुडपाचा फायदा थोडा कापते, आणि टीडी (टँक डिस्ट्रॉयर, म्हणजे लपून दुरून मारणाऱ्या गाड्या) शोधताना हे सोन्यासारखं असतं. दुसरा साज शहरी मॅपसाठी: कोटेड ऑप्टिक्स, व्हेंटिलेशन, आणि तोफेला किंवा इंजिनला बळ देणारं काहीतरी. ऑप्टिक्स 10 टक्केच देतात, पण चालतानाही देतात.

व्ह्यू रेंज 445 च्या वर नेणं वाया जातं असं काही जण सांगतात. तसं नाही. वरचा आकडाही सूत्रात धरला जातो आणि समोरच्याचा कॅमो खातो. फक्त 445 च्या पलीकडे दिसत नाही एवढंच.

क्रूमध्ये आधी सगळ्यांना कॅमोफ्लाज. तो संपूर्ण क्रूचा मिळून मोजला जातो, एकट्या कमांडरला देऊन भागत नाही. मग कमांडरला रेकॉन, रेडिओवाल्याला सिच्युएशनल अवेअरनेस, ड्रायव्हरला ऑफ-रोड. आकडे अपडेटनुसार हलत राहतात, त्यामुळे पर्क घेण्याआधी गॅरेजमध्ये माउस नेऊन आजची टक्केवारी बघा.

शेवटचं काम सेटिंगमध्ये. मिनीमॅपवरची व्ह्यू रेंजची, 445 मीटरची आणि चितारण्याच्या मर्यादेची, अशी तिन्ही वर्तुळं चालू करा. मिनीमॅप मोठा करा, जेवढा सहन होईल तेवढा. लाइटवाल्याची अर्धी नजर तिथेच असते.

काउंटडाउनच्या 30 सेकंदांत

समोरची यादी वाचा. त्यांच्याकडे लाइट किती? आर्टी (तोफखाना) आहे का? टीडी किती? समोर तीन लाइट आणि आपल्याकडे तुम्ही एकटे असाल तर मधल्या झुडपाची शर्यत सोडून द्या. आर्टी असेल तर एका जागी रुतून बसायचं नाही. समोर लाइट एकही नसेल तर ताव मारायला मोकळे!

मग आपल्या टीमकडे बघा, कारण हेच बहुतेक जण विसरतात. तुम्ही पाहिलेल्या शत्रूवर गोळा टाकणारं कुणी तिकडे जाणार आहे का? सगळे हेवी शहराकडे निघाले आणि तुम्ही एकटे मैदानात दिवे लावत बसलात तर असिस्ट (तुम्ही दाखवलेल्या शत्रूला इतरांनी केलेलं डॅमेज) शून्य. आपले टीडी ज्या मैदानाकडे तोंड करून बसतात तिथे नजर द्या.

पहिली मिनिटं: प्रोखोरोव्काचं उदाहरण

प्रोखोरोव्का म्हणजे कुर्स्कच्या लढाईतलं जुलै 1943 चं रणांगण. गेममधल्या मॅपवर एक बेस उत्तरेला, एक दक्षिणेला, पूर्वेच्या अंगाने जाणारा रेल्वेचा बांध आणि मध्ये उघडं माळरान. मधल्या भागात झुडपं आहेत आणि ती सगळ्या जगाला ठाऊक आहेत.

घड्याळ सुरू झालं की थेट झुडपाकडे जाऊ नका. उंचवट्याच्या आडोशाने जा, शेवटच्या टप्प्यात वेग कमी करा आणि झुडपाच्या पाठीमागे हळूच टेका. झुडूप गाडीपासून 15 मीटरच्या आत असलं पाहिजे, तरच ते तुमच्यासाठी पारदर्शक होतं आणि पलीकडचं दिसतं. थांबताना झाड पाडू नका. बुर्ज फिरवला तर कॅमो जात नाही, पण गाडी जागच्या जागी वळवली तर जाळी आणि दुर्बीण दोन्ही बंद पडतात आणि पुन्हा 3 सेकंद मोजावे लागतात. म्हणून येतानाच नाक हव्या त्या दिशेला ठेवा, किंवा अजून चांगलं, शेपूट शत्रूकडे ठेवा म्हणजे पळताना सरळ पुढे सुटता येईल. इकडेतिकडे बघायचं असेल तर उजवं बटण दाबून धरा. तोफ स्थिर राहते.

आता हात शिवशिवायला लागतील. समोर 300 मीटरवर मिडियमची बाजू उघडी पडलेली असेल. तरीही गोळी नको! गणित पुन्हा बघा. गोळी झाडल्यावर गाडीचा स्वतःचा कॅमो कोसळतो, समजा 40 वरून 10 वर. 15 मीटरच्या आतल्या झुडपाचा फायदाही 50 वरून 15 वर येतो. एकूण 25 टक्के, म्हणजे 400 च्या नजरेला तुम्ही 312 मीटरवर उघडे. जिथे आधी 85 मीटरपर्यंत कुणाला पत्ता नव्हता, तिथे आता अर्धी टीम तुमच्याकडे तोफा वळवते.

मारायचंच असेल तर 15 मीटरहून थोडं जास्त मागे सरका. आता झुडूप तुमच्यासाठी अपारदर्शक होतं, पण गोळी झाडली तरी त्याचे 50 टक्के शाबूत राहतात. 10 आणि 50 मिळून 60 टक्के, अंतर 190 मीटर. अट एकच: शत्रूला दुसऱ्या कुणीतरी पाहिलेलं असलं पाहिजे, कारण तुम्हाला आता स्वतःला दिसत नाही. दोन लाइट एकत्र खेळत असतील तर एकाने पुढे पाहायचं आणि दुसऱ्याने मागून मारायचं, थोड्या वेळाने पाळी बदलायची. प्लॅटूनमध्ये एखादा मित्र असेल तर यासारखी मजा नाही.

दिवा लागला की

सिक्स्थ सेन्सचा दिवा तुम्ही दिसल्यानंतर 3 सेकंदांनी पेटतो. म्हणजे तो पेटला तेव्हा शत्रूने तोफ वळवून निशाणा बांधलेलाही असतो. विचार करत बसू नका, निघा. कुठे निघायचं हे झुडपात शिरतानाच ठरलेलं असायला हवं. सरळ मागे जाणं बहुधा चूक, कारण गोळा त्याच रेषेत येतो. आडवं सटका, जमिनीचा फुगवटा किंवा बांध मध्ये घ्या, आणि काही सेकंद दडून राहा.

निघता निघता एक प्रश्न स्वतःला विचारा: मला पाहिलं कुणी? दिसत असलेल्या शत्रूंपैकी सगळ्यात जवळचा 250 मीटरवर असेल आणि तुम्ही गोळी झाडलेली नसेल, तर त्याने पाहणं कठीण. याचा अर्थ न दिसलेला कुणीतरी जवळ आहे, बहुधा त्यांचा लाइट. मॅपवर त्याच्या बाजूची सगळ्यात लाडकी झुडपं कोणती ते आठवा आणि तिथे आडोशातून एक गोळा सोडून बघा. लागला तर लॉटरी, नाही लागला तर तो निदान बिचकतो. हेच उलटही खरं आहे. तुमच्या लाडक्या झुडपात आंधळे गोळे पडणारच, म्हणून जगप्रसिद्ध झुडपाऐवजी त्याच्या शेजारचं पसंत करा. नजर वीस मीटरने कमी झाली तरी चालेल.

हलता स्काउट

झुडूपच नसेल, किंवा शत्रूही झुडपात बसून राहिला असेल, तर हलावं लागतं. टीडी झुडपात बसला की त्याचा कॅमो 80 टक्क्यांपर्यंत जातो, आणि मग 445 ची नजरही त्याला 129 मीटरवरच पाहते. दूर बसून हा सुटत नाही.

इथे उंचवट्याची कड वापरा. गाडीचा एक डोळा बुर्जाच्या माथ्यावर असतो, त्यामुळे कडेवरून फक्त माथा वर काढला तरी पलीकडचं दिसतं. वर या, एक-दोन सेकंद थांबा, खाली जा, दहा-पंधरा मीटर बाजूला सरका, पुन्हा वर. दोनदा एकाच जागी डोकं काढू नका.

दिसण्याची तपासणी गेम सतत करत नाही. 270 मीटरच्या पलीकडे ती दर 2 सेकंदांनी होते, 150 ते 270 मध्ये दर सेकंदाला, आणि त्याहून जवळ अर्ध्या सेकंदाला. म्हणून लांबच्या दोन आडोशांमधली छोटी फट भरधाव पार केली तर कित्येकदा कुणाच्या लक्षातही येत नाही. तीच फट रमतगमत ओलांडलीत तर दिवा नक्की.

मोकळ्या मैदानात धाव घेण्याची वेळ कधीतरी येतेच: टीडी गोळीबार करून टीमचे हाल करताहेत, त्यांना उजेडात आणल्याशिवाय गत्यंतर नाही. अशा वेळी आधी टीमला सांगा, आपल्या तोफा तयार आहेत का बघा, आणि धाव शत्रूच्या दिशेने सरळ न घेता तिरकी घ्या, जिचा शेवट आडोशात होईल. मधूनच ब्रेक मारा, वळण बदला. अंदाज घेऊन पुढे मारणाऱ्याचा गोळा नाकासमोरून जातो.

शहरी मॅपवर

हिमेल्सडॉर्फसारख्या ठिकाणी स्काउटिंगला फारसा वाव नाही. 200 मीटरची सरळ रेषा मिळाली तरी नशीब. तिथे तुम्ही भोचक शेजारी व्हा: हेवींच्या मागे राहा, कोपऱ्यावरून डोकावून कोण किती हेल्थवर आहे ते बघा, रीलोड करणाऱ्यावर कुशीतून एक गोळा मारा, निघा. कुणी एकटा सुटलाय का हे मिनीमॅपवर शोधत राहा. समोरासमोर हेवीशी भांडू नका, ते काम तुमचं नाही.

शेवटची पाच मिनिटं

आत्तापर्यंत हेल्थ शाबूत ठेवली असेल तर आता ती खर्च करायची. शत्रूच्या उरलेल्या गाड्या मोजा आणि प्रत्येकीची शेवटची जागा आठवा. न दिसलेली गाडी कुठे असेल हे रिकाम्या जागांवरून कळतं. आर्टी जिवंत असेल तर तिच्या गोळ्याची रेषा वरून बघून ठेवलेली असेलच. आता तिच्या अंगावर जा. जाताना वाटेत टीडीच्या समोरून जाऊ नका, लांबचा वळसा घ्या. वेग त्यासाठीच आहे.

कॅपच्या, म्हणजे बेस ताब्यात घेण्याच्या, बाबतीत लाइट फार कामाचा. एकटी गाडी सेकंदाला एक गुण मिळवते, 100 झाले की लढाई संपते, आणि डॅमेज बसला की तिचे गुण पुसले जातात. शत्रू तुमच्या बेसवर बसला असेल तर त्याला मारून टाकायची गरज नसते. दर थोड्या वेळाने एक गोळा लागला तरी पुरे. उलट त्यांच्या बेसवर तुम्ही जाऊन बसलात की दोघे-तिघे लढाई सोडून मागे वळतात, आणि तेवढ्यात आपले हेवी मोकळे होतात. वळणारे दिसले की लगेच उठा, उगाच शूरवीर होऊ नका.

लढाई संपल्यावर

निकालाच्या पानावर डॅमेजखाली असिस्टचा आकडा असतो. मोकळ्या मॅपवर तो डॅमेजपेक्षा जास्त आला तर झुडूप बरोबर निवडलं होतं असं समजा. स्काउट पदकासाठी निदान नऊ शत्रू शोधावे लागतात, पण त्याच्या मागे लागू नका. पहिल्या मिनिटात सगळ्यांना एकेकदा दाखवून मेलेला लाइट टीमला पुढे आंधळंच ठेवतो.

रिप्ले सेव्ह होत असतील तर मेलेल्या लढाया बघा, जिंकलेल्या नकोत. दिवा लागल्यापासून गाडी हलेपर्यंत किती वेळ गेला एवढंच मोजा. सुरुवातीला हा वेळ फार निघतो, कारण आपण शत्रू बघत असतो, दिवा नाही. दुसरं म्हणजे मेलात तेव्हा मिनीमॅपवर तुमच्या आणि आडोशाच्या मध्ये किती मोकळं अंतर होतं ते बघा. पुढच्या वेळी त्याच मॅपवर झुडूप निवडताना आधी तो आडोसा शोधा, मग त्याच्या जवळचं झुडूप.